भंगारातला षड्ज

गावोगावच्या जत्रांत एक विक्रेता हमखास दिसतो. खांद्याला बांबूच्या दांड्यांचा भारा, हातात पणतीएवढ्या मातीच्या वाटीवर कागद मढवून केलेली एका तारेची सारंगी. छोटा गज तारेवरून फिरतो आणि पाळण्यांच्या, भोंग्यांच्या गलक्यातून जुन्या सिनेमाचं गाणं इतकं स्वच्छ ऐकू येतं की शब्द आपोआप ओठांवर येतात. पोर हट्ट धरतं, बाप पैसे काढतो, आणि घरी आल्यावर त्या सारंगीतून करकरीशिवाय काही निघत नाही. मग घरातलं एखादं मोठं माणूस म्हणतं, "फसवलं. स्वतःच्या हातातली चांगली ठेवतो आणि गिऱ्हाइकाला दुसरीच देतो."

लहानपणी मी हे ऐकलं होतं. मोठेपणी मुद्दाम त्याच्या हातातलीच सारंगी मागून घेतली. त्याने ती लगेच दिली, आणि तीही माझ्याकडे आल्यावर करकरली. तेव्हापासून जत्रेत गेलो की मी त्या माणसापाशी बराच वेळ उभा राहतो. वाजवण्याआधी तो काय करतो ते बघण्यासारखं असतं. वाटीवरच्या कागदाला टिचकी मारून बघतो. हवा दमट असेल तर वाटी उन्हात धरतो. खुंटी पिळतो, वाटी कानाशी नेतो, खुंटी जराशी उतरवतो, पुन्हा कानाशी नेतो. तार त्याच्या मनातल्या षड्जाला लागली की मगच गज उचलतो. माती, कागद, बांबू आणि वीतभर तार, सगळा माल कवडीमोलाचा. मोल आहे ते त्या दोन-तीन मिनिटांचं.

टाकाऊ वस्तूंपासून वाद्यं बनवणं हा विषय आता शाळेच्या प्रकल्पांपासून जगभरच्या महोत्सवांपर्यंत पोचलाय. त्यावर चित्रपट निघालेत, संग्रहालयांत दालनं झालीत. पण कौतुक होतं ते बहुतेक वेळा कचऱ्याचं: बघा, साध्या डब्यातून काय केलं! वाद्याला वाद्य म्हणून जे विचारायचं ते मागेच राहतं. ते सुरात लागतं का? लागलेला सूर टिकतो का? त्यावर वाजवणारी माणसं तयार झाली का? मला हे प्रश्न महत्त्वाचे वाटतात, कारण ज्यांच्याजवळ भंगाराशिवाय दुसरं काही नव्हतं त्यांनीही स्वतःला हेच विचारले होते.

या कसोटीवर पहिलं नाव त्रिनिदादच्या स्टीलपॅनचं. कॅरिबियन समुद्रातल्या या बेटावर आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या लोकांचा उत्सव ढोलावर चाले, आणि इंग्रज सरकारला त्या ढोलांची धास्ती होती. १८८१ मध्ये कार्निव्हलच्या मिरवणुकीत पोलीस आणि लोक भिडले. पुढे १८८४ मध्ये कायदा करून ढोलांवर निर्बंध आणले गेले. लोकांनी मग बांबूचे लहानमोठे तुकडे तोडले आणि ते जमिनीवर आपटून ताल धरला. या वाद्यमेळाला टँबू-बँबू म्हणत. १९३०च्या दशकात बांबूच्या जोडीला पत्रा आला. बिस्किटांचे डबे, रंगाचे डबे, कचऱ्याच्या पेट्या, मोटारीचे ब्रेक ड्रम, जे हाती लागेल ते. ठोकून ठोकून डब्याला पोचे पडले आणि पोरांच्या लक्षात आलं की पोचा पडलेल्या जागी आवाज वेगळा येतो, आणि मागून ठोकून तो वर काढला की पुन्हा बदलतो. विन्स्टन 'स्प्री' सायमन, एली मॅनेट ही त्या पोरांमधली नावं. दुसऱ्या महायुद्धात बेटावर अमेरिकेचा नाविक तळ होता, आणि तेलाचा धंदा तर तिथला जुनाच. त्यामुळे ५५ गॅलनची, म्हणजे साधारण २०८ लिटरची, रिकामी पिंपं जागोजागी पडलेली असत. युद्ध संपता संपता डबे मागे पडले आणि पिंप पुढे आलं.

पिंपाचा पॅन कसा होतो हे समजून घेतलं की भंगार हा शब्द त्याला लावावासा वाटत नाही. पिंप उपडं ठेवून त्याचा तळ हातोड्याने कढईसारखा खोल करतात. हे काम सावकाश, सगळीकडून सारखं करावं लागतं, एकाच जागी घाव पडले तर पत्रा फाटतो. मग स्वरांच्या जागा आखायच्या, त्यांच्या कडा पंचाने ठोकून वेगळ्या करायच्या, पिंप हव्या त्या उंचीवर कापायचं आणि आगीवर तापवायचं. खरं काम त्यानंतर सुरू होतं. छोट्या हातोडीने एकेक जागा खालून-वरून ठोकत सुरात आणायची. त्या जागेतून मूळ स्वराबरोबर वरच्या सप्तकातला तोच स्वरही नेमका निघावा लागतो, नाहीतर पत्रा नुसता खणखणतो. आणि एका स्वरावर घातलेला घाव शेजारच्या स्वराला हलवतो, म्हणून पुन्हा फिरून तिथे यावं लागतं. खर्जाच्या स्वरांना मोठी जागा लागते. त्यामुळे वरच्या सुरांच्या पॅनला पिंपाची थोडीशीच उंची पुरते, तर खर्जाला अख्खी पिंपं लागतात, एकेका पिंपावर तीन-चारच स्वर बसतात आणि वादक सहा-सहा पिंपांच्या घोळक्यात उभा राहून वाजवतो. अँथनी विल्यम्स यांनी स्वरांची मांडणी कोळ्याच्या जाळ्यासारखी केली. तिच्यात शेजारशेजारच्या स्वरांचं नातं षड्ज-पंचमाचं येतं. एक स्वर वाजवताना शेजारचा थरथरला तरी तो सुरातच थरथरतो. तंबोऱ्याच्या तारा ज्याने लावल्यात त्याला या कल्पनेचं मोठेपण वेगळं सांगायला नको.

पॅन वाजवणाऱ्या पोरांना समाजात मान नव्हता. वस्त्यावस्त्यांच्या बँडमध्ये मारामाऱ्या होत आणि आया मुलांना पॅनपासून लांब ठेवत. १९५१ मध्ये निवडक वादकांचा टास्पो हा वाद्यवृंद 'फेस्टिव्हल ऑफ ब्रिटन'साठी लंडनला गेला. त्याचे संचालक जोसेफ ग्रिफिथ यांनी पॅनवर बाराही स्वर असलेच पाहिजेत असा आग्रह धरला. माझ्या मते पॅनच्या इतिहासातला सगळ्यात मोठा दिवस तोच, लंडनच्या टाळ्यांपेक्षाही मोठा. आपल्या वस्तीतल्या चार चाली वाजल्या की भागतं, असं म्हणून तिथेच थांबता आलं असतं. बाराही स्वरांचा हट्ट धरल्यावर ते जगातलं कुठलंही संगीत वाजवू शकणारं वाद्य झालं. १९९२ मध्ये त्रिनिदाद आणि टोबॅगोने पॅनला राष्ट्रीय वाद्य घोषित केलं. २०२३ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी ११ ऑगस्ट हा जागतिक स्टीलपॅन दिन ठरवला.

पेरूचा काहोन याच घराण्यातला. किनाऱ्यावरच्या आफ्रिकी गुलामांनी माल भरायच्या लाकडी पेट्यांवर बसून, पुढच्या फळीवर हाताने ताल धरला. १९७०च्या दशकात स्पेनचे गिटारवादक पाको दे लुसिया यांनी तो लिमामध्ये ऐकला आणि फ्लामेंकोत नेला. आज पुण्या-मुंबईच्या कॅफेत गिटारच्या साथीला जी लाकडी पेटी दिसते ती हीच. अमेरिकेत सिगारच्या खोक्यांची गिटार आणि फिडल झाली. यादवी युद्धातल्या सैनिकांजवळचं असं फिडल चित्रकार एडविन फोर्ब्स यांनी रेखाटून ठेवलंय. मिसिसिपीकडच्या काळ्या शेतमजुरांची मुलं घराच्या भिंतीवरच दोन खिळ्यांमध्ये झाडूची तार ताणत आणि तिच्यावर बाटली घासत वाजवत. अख्खं घर त्या तारेचा भोपळा व्हायचं. ब्लूजचे कितीतरी गिटारवादक या भिंतीपाशी शिकले.

गेल्या काही वर्षांत सर्वांत गाजला तो पॅराग्वेतल्या कातेउरा इथल्या मुलांचा ऑर्केस्ट्रा. असुन्सिओन या राजधानीचा कचरा जिथे पडतो त्याला लागून ही वस्ती आहे. तिथे कामाला आलेले फाव्हियो चावेस यांनी २००६ मध्ये मुलांना संगीत शिकवायला सुरुवात केली. मुलं वाढली, वाद्यं पुरेनात. शिवाय त्या वस्तीत व्हायोलिनची किंमत घरापेक्षा जास्त, ते मुलाच्या हाती देऊन घरी पाठवणंही धोक्याचं. कचरा वेचणारे निकोलास गोमेस, ज्यांना सगळे 'कोला' म्हणतात, त्यांनी सुतारकामाच्या हाताने वाद्यं करायला घेतली. तेलाच्या डब्याचा चेलो झाला आणि त्याच्या खुंट्या मांस कुटायच्या जुन्या अवजारातून निघाल्या. पाण्याच्या नळीला बाटल्यांची बुचं, नाणी, चमच्यांची टोकं बसवून सॅक्सोफोन उभा राहिला. २०१५च्या 'लँडफिल हार्मोनिक' या माहितीपटाने हे जगभर पोचवलं.

माहितीपट बघताना सभागृहात लोकांचे डोळे ओले होतात. माझेही झाले. पण त्या ओल्या डोळ्यांना कचऱ्याचा ढीगच जास्त दिसतो अशी मला खंत आहे. कोला गोमेस यांचं काम किती अवघड आहे ते बघा. नवं वाद्य शोधणाऱ्याला त्याचा आवाज कसा असावा हे ठरवायची मोकळीक असते. डब्यातून चेलो करणाऱ्याला ती नाही. चेलोचा आवाज ऐकणाऱ्याच्या कानात आधीच पक्का बसलेला असतो, आणि बाखची रचना वाजवायची तर बोट जिथे पडेल तिथे तो स्वर निघालाच पाहिजे. दांडी किती लांब, घोडी किती उंच, तार केसभर पुढे की मागे, यात माफी नाही. पत्र्याचा पातळ डबा लाकडासारखा गुंजत नाही. त्यात वेड्यावाकड्या कंपनांची गर्दी असते, ती कुठे लाकडाचा तुकडा चिकटवून, कुठे पत्रा दाबून आवरावी लागते. त्या वस्तीची गरिबी जगाला कळली, हे ठीकच. तिथे एक वाद्यकारागीर आहे हेही तितकंच कळायला हवं होतं.

काँगोतल्या किन्शासाच्या रस्त्यांवरचे कारागीर मला याहून धीट वाटतात. मावांगू मिंगिएदी यांच्या कोनोनो नंबर १ या मेळाने अंगठ्यांनी वाजवायच्या लिकेंबेला जुन्या मोटारींच्या भागांतल्या चुंबकांचे पिकअप बसवले. शहराच्या रहदारीवर मात करायची म्हणून आवाज वाढवला, तर तो वाढताना फाटला, खरखरला. त्यांनी ती खरखर पुसली नाही, संगीतातच घेतली. स्टाफ बेंडा बिलिली या अपंग रस्तावादकांच्या मेळात रोजर लांडू हा मुलगा दुधाच्या डब्याला एक वाकवलेली काठी आणि एक तार लावून वाजवायचा. हे सातोंगे नावाचं वाद्य त्याने स्वतः रचलं. एका तारेवर, काठी वाकवून ताण कमी-जास्त करत, तो गळ्यासारखी मींड काढतो. आपल्या कानाला ती लगेच ओळखीची वाटते.

आपल्याकडच्या गोष्टींपैकी मला सर्वांत प्रिय आहे ती मैहरची. १९१८च्या सुमारास, साथीत अनाथ झालेल्या मुलांना घेऊन उस्ताद अल्लाउद्दीन खाँ यांनी मैहर बँड उभा केला. त्या मुलांसाठी त्यांनी जी वाद्यं घडवली त्यात एक नलतरंग होतं. बंदुकीच्या नळ्या वेगवेगळ्या लांबीच्या कापून, ओळीने मांडून, काठ्यांनी वाजवायचं. ज्या माणसाच्या तालमीत रविशंकर आणि अली अकबर घडले, त्याने बंदुकीची नळी कानाशी धरून ती कुठे कापायची हे ठरवलं, हे चित्र माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. मिरजेची कथा याच्या शेजारची. हत्यारांना धार लावणारे, त्यांची डागडुजी करणारे शिकलगार, हत्यारांची मागणी ओसरल्यावर एकोणिसाव्या शतकात वाद्यांकडे वळले. फरीदसाहेब सतारमेकर यांच्यापासून ती परंपरा सांगतात. मंगळवेढ्याकडचे वाळलेले भोपळे आजही तिथे तंबोरे होतात, आणि २०२४ मध्ये मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. इथे जुना माल वापरला गेला नाही. तलवारीवर बसलेला हात मात्र वाया गेला नाही.

अमेरिकेत हॅरी पार्च यांनी सप्तकाचे ४३ भाग करून त्यांच्यासाठी स्वतःची वाद्यं बनवली. एकात तोफगोळ्यांची पितळी आवरणं टांगली, दुसऱ्यात बर्कलीच्या किरणोत्सर्ग प्रयोगशाळेतल्या मोठ्या काचेच्या बरण्या कापून लावल्या. बरणी फुटली की तो स्वर गेला, तशीच दुसरी मिळणं मुश्कील. मेक्सिकोचे पेद्रो रेयेस यांना २०१२ मध्ये ६,७०० जप्त शस्त्रं देऊ करण्यात आली, त्यांतून त्यांनी बासऱ्या, तंतुवाद्यं, तालवाद्यं केली. त्यांचा हेतू मोठा आहे. पण मी ऐकताना पुन्हा मैहरच्या नळ्यांकडे येतो, कारण त्यांवर मुलं रोज रियाज करत होती.

महाराष्ट्रात हाती लागेल त्याचं वाद्य करणं इतकं अंगवळणी पडलंय की आपण त्याला नावही देत नाही. खंजिरीत जुनी नाणी छनछनतात. मुंबईच्या लोकलमधली भजनी मंडळं डब्याच्या पत्र्यावर ठेका धरतात. चाळीतला बेंजो जपानी ताइशोगोतोचा वंशज, आणि त्या मूळ वाद्याच्या बटनांची कल्पना १९१२ साली टाइपरायटरवरून सुचलेली. गोव्याच्या घुमटाला पूर्वी घोरपडीचं कातडं लागे. वन्यजीव संरक्षण कायद्याने ते बंद झालं, वादकांनी बकरीच्या कातड्याशी जुळवून घेतलं, आणि पुढे गोवा सरकारने घुमटाला वारसा वाद्याचा दर्जा दिला. धारावीत कचरा वेगळा करणाऱ्या कुटुंबांतल्या मुलांना घेऊन एकॉर्न फाउंडेशनने 'धारावी रॉक्स' बँड उभा केला. प्लास्टिकची पिंपं आणि रंगाचे डबे ही त्यांची वाद्यं. रोजीरोटीसाठी ज्या पिंपाला हात लावायचा त्यातून दुसरं काय निघतं हे त्या मुलांना कुणी समजवावं लागलं नसणार.

तुणतुण्यावर मात्र मला थोडं थांबायचंय. तमाशात, पोवाड्यात, गोंधळात मागे उभं राहून हे वाद्य सूर आणि लय दोन्ही धरतं. नळकांड्याच्या एका तोंडाला कातडं, कातड्याच्या मधून निघालेली तार, बाजूला बांबू आणि वर खुंटी. यल्लम्माच्या जोगत्यांचं चौंडकं आणि राजस्थानातल्या मेवाती जोगींचं भपंग ही त्याची भावंडं. भपंगाचा भोपळा जाऊन अनेक ठिकाणी पत्र्याचा डबा आला, आणि आपल्याकडेही डालडाच्या डब्याची तुणतुणी झाली.

गेल्या पावसाळ्यात मी अशी दोन केली. पहिल्याला हलगी मढवणाऱ्या कारागिराकडचा उरलेला बकरीच्या कातड्याचा तुकडा लावला. रात्रभर भिजवून, ओला ताणून, सुतळीने आवळला. सकाळी बघतो तर डब्याच्या काठाने कातडं कापलेलं. काठ पक्कडीने आत वळवून, वरून सायकलच्या ट्यूबची पट्टी बसवल्यावर दुसरा तुकडा टिकला. बांबू थेट पत्र्याला बोल्टने जोडला होता, तार चढवताच डबा वाकला आणि सूर खाली आला. आत लाकडी ठोकळा दिल्यावर तो थांबला. तार म्हणून आधी सायकलच्या ब्रेकच्या केबलमधला एक धागा काढला, पण त्याला पीळ बसलेला असतो, तो आपल्या मनाने सैल होत राहतो. शेवटी गिटारची पोलादी तार घेतली. दुसऱ्या डब्याला कातड्याऐवजी जुनी एक्स-रे फिल्म ताणली. हे वाटतं तितकं विचित्र नाही. ड्रमला १९५० च्या दशकापासून जी पॉलिएस्टरची पानं लावतात, त्याच जातीचं प्लास्टिक एक्स-रे फिल्ममध्येही असतं. तार जिथून जाते तिथे फिल्म फाटू नये म्हणून आतून कोटाचं बटण लावलं.

दोन्ही खुंटीला टांगून ठेवली आणि महिनाभर रोज सकाळी पेटीच्या पांढरी चारला लावून पाहिली. कातड्याचं तुणतुणं भरदार, गोल बोलतं, पण पावसाची सर आली की कातडं सैलावतं, तार उतरते आणि सूर कणसूर होतो. हलगीवाले हलगी शेकून घेतात ते याच कारणासाठी. फिल्मचं तुणतुणं ओल्या हवेत जागचं हललं नाही, पण त्याचा आवाज कोरडा, आस तोकडी. मी गाणाऱ्याच्या मागे कुठलं घेऊन उभा राहीन? कातड्याचंच, आणि शेकायला वेळ काढीन.

शाळांबद्दल लिहायला हवं, कारण हा विषय सगळ्यात जास्त तिथे पोचलाय आणि तिथेच सर्वांत उथळ झालाय. एका शाळेने 'टाकाऊतून टिकाऊ'च्या स्पर्धेला मला परीक्षक म्हणून बोलावलं होतं. टेबलावर तीसेक वाद्यं होती. खोक्यांच्या गिटारी, त्यांना रंगीत कागद, चमकी, नावाची पट्टी. रबरं ताणलेली होती ती फक्त दिसण्यापुरती, छेडली की सगळ्यांतून सारखीच फडफड. मी एका मुलाला विचारलं, "यावर काय वाजवतोस?" तो माझ्याकडे बघत राहिला. ते कुणी त्याला विचारलंच नव्हतं, वाजवायचं असतं हेही सांगितलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी ती खोकी पुन्हा कचऱ्यात गेली असणार. मला त्या मुलांचं वाईट वाटलं, त्यांनी सांगितलं तेवढं मन लावून केलं होतं.

पुण्यात अरविंद गुप्ता यांनी आयुकाच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत जे उभं केलं ते याच्या अगदी उलट. शीतपेयाच्या नळीचं एक टोक चपटं करून दोन्ही बाजूंनी तिरपं कापायचं, ते ओठांत धरून फुंकायचं. नळी वाजते. वाजत असतानाच कात्रीने दुसरं टोक कापत गेलं की सूर चढत जातो, आणि बघणारं पोर हवेचा खांब आणि स्वर यांचं नातं एका दमात शिकतं. कोकणातल्या मुलांना याची पूर्वतयारी असते. पावसात रुजलेला आंब्याचा बाठा सोलून, जांभ्यावर घासून केलेली पिपाणी, माडाच्या पातीची गुंडाळी, पपईच्या पोकळ देठाची पुंगी. पपईचं देठ लांब तेवढा आवाज जाड, हे त्यांना पाठ्यपुस्तकाआधी ठाऊक असतं.

एक सांगणं जरुरीचं आहे, कारण उत्साहात ते राहून जातं. आधी आत काय होतं हे माहीत नसलेलं पिंप घरी आणू नये. तेलाचं, थिनरचं बंद पिंप ग्राइंडरने किंवा वेल्डिंगने कापताना आतल्या वाफेचा स्फोट होऊ शकतो, रिकामं दिसलं तरी. जुन्या रंगात शिसं असतं, सिमेंटच्या जुन्या पत्र्यांत अॅस्बेस्टॉस असतं. ते मुलांच्या हाती देऊच नये, आणि तोंडाने फुंकायच्या वाद्याला तर अजिबातच नको. डब्याचा काठ कानशीने गोल केल्याशिवाय हातात धरू नये. माझ्या तळहाताला दोन टाके पडले ते या एका आळसाने.

त्या स्पर्धेनंतर मी शाळेला विनंती केली की पुढच्या वर्षी बक्षिसं नकोत, मला चार शनिवार द्या. मुलांनी घरोघरचे पडद्यांचे जुने स्टीलचे पोकळ रॉड गोळा केले, एकाच जाडीचे निवडले. असा रॉड तारेसारखा वागत नाही. तार निम्मी केली की स्वर वरच्या सप्तकात जातो, रॉड निम्मा केला तर दोन सप्तकं वर उडी मारतो. म्हणून सप्तकापुरता तो निम्मा न करता सुमारे सत्तर टक्के लांबीचा ठेवावा लागतो. पहिला तुकडा थोडा थोडा कापत पेटीच्या एका पट्टीशी मिळवला, तो ३० सेंटिमीटरला मिळाला. तो सा. मग मुलांनी पाटीवर हिशेब केला: रे २८.३, ग २६.८, म २६, प २४.५, ध २३.२, नी २१.९ आणि वरचा सा २१.२ सेंटिमीटर. प्रत्येक तुकडा दोन्ही टोकांपासून लांबीच्या २२.४ टक्क्यांवर, म्हणजे सा असेल तर ६.७ सेंटिमीटरवर, सुतळीवर टेकवायचा. तिथे धातू जवळजवळ हलत नाही, त्यामुळे आवाज मरत नाही. सुतळी दोन बोटं इकडेतिकडे सरकवून बघितल्यावर मुलांचा यावर विश्वास बसला. मधेच टेकवला तर ठक्क, जागेवर टेकवला तर नाद.

तिसऱ्या शनिवारी एका मुलीचा नी जरा आखूड कापला गेला. रडकुंडीला आली. कापलेला रॉड लांब कसा करणार? तिला दोन्ही टोकांना एम-सीलची बारीक गोळी लावून दिली. टोकं जड झाली की स्वर उतरतो. पेटीचे सूर लावणारे कारागीर स्वरपट्टीची मुळाकडची बाजू घासून हेच साधतात. गोळी वाळली, नी जास्तच खाली आला, मग ती कानशीने कणकण घासत बसली. घासायची, वाजवायची, पेटीचा नी दाबून बघायची.

चौथ्या शनिवारी आठही नळ्या सुतळीवर मांडल्या आणि मुलं वाजवू लागली. ती मुलगी गप्प होती. मग म्हणाली, पेटीबरोबर वाजवलं की माझा नी जुळतो, पण बाकीच्यांचा ग नाही जुळत, आणि पेटी बंद केली की सगळ्यांचा ग छान वाटतो आणि माझाच नी वर चढल्यासारखा वाटतो. वर्गात एकदम शांतता झाली. बाकीच्या नळ्या आम्ही शुद्ध स्वरांच्या हिशेबाने कापल्या होत्या. पेटीचे ग आणि नी त्या हिशेबापेक्षा थोडे चढे असतात, आणि तिने आपला नी पेटीवर लावला होता.

"सर, मग मी कुठला नी धरू?"

मी पेटीचा भाता मिटला आणि तंबोरा सुरू केला. तिने टोकाला एम-सीलची आणखी एक बारीक गोळी लावली आणि ती वाळायची वाट बघत नळी मांडीवर घेऊन बसली.